खाऱ्या पाण्याची रेघ

मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं तेव्हा डॉक्टरांनी विचारलं, आजी, आता डोळ्यांपुढे काही डाग, रेघा दिसतात का? मी नाही म्हटलं. खोटं बोलले. एक रेघ दिसते, पण ती मोतीबिंदूची नाही. केसासारखी बारीक, काळी कुळकुळीत, उभी. तिच्यापायी एका माणसाची नोकरी गेली, आणि खरं सांगायचं तर रेघेनं काही केलं नाही, माझ्या दोन ओळींच्या अर्जानं केलं. हे मी घरात कोणाला सांगितलेलं नाही. आता एवढं वय झाल्यावर लपवून काय लोणचं घालायचंय?

गोष्ट साठ सालाच्या आसपासची. मी अमरावतीची, तिथेच रसायनशास्त्र घेऊन एम.एस्सी. झालेली, आणि अकोल्याच्या एका कॉलेजात डेमॉन्स्ट्रेटर म्हणून नुकतीच लागलेली. पोट्टी एकटी अकोल्याला राहणार म्हणून नात्यातल्या बायकांनी नाकं मुरडली. आत्या म्हणाली, एवढं शिकून शेवटी बाटल्याच धुवायच्या ना? मी म्हटलं, त्याला माणूस असतो. तोंडाची मी फटकळ होतेच, वर डोक्यात हवा. आम्ही म्हणजे सोवळंओवळं मोडीत काढलेली पिढी! हॉटेलात कोणाच्याही शेजारी बसून चहा प्यायचा, वाचनालयाच्या वर्धापनदिनाला समतेवर भाषण ठोकायचं. घरातलं जुनंपुराणं ते सगळं अमरावतीच्या स्टेशनावर सोडून मी गाडीत बसले, अशी माझी पक्की समजूत होती.

नोकरी करता करता पीएच.डी. करायची होती. मार्गदर्शक अमरावतीचे माझे जुने सर. विषय त्यांनीच दिला: रंगाचे रेणू पाण्यात आपले आपण एकत्र कसे जमतात. रंग म्हणजे लुगड्याचा नव्हे, फोटोच्या फिल्मला लावतात त्या कुळातला. चिमूटभर भुकटीची तपकिरी बाटली सरांनी कुठेकुठे पत्रं पाठवून मागवली होती. मी ती लोणच्याची बरणी जपावी तशी मांडीवर धरून अकोल्याला आणली.

ही भुकटी भरपूर पाण्यात टाकली की संत्र्याच्या सरबतासारखा केशरी-गुलाबी रंग येतो. त्यात एकेक रेणू सुटा फिरत असतो. भुकटी वाढवत नेली की एका काठापर्यंत काही होत नाही, आणि तो काठ ओलांडला की सगळं एकदम होतं. चपटे रेणू पापडांच्या चवडीसारखे, पण जरासे कलून, एकाला एक लागून बसत जातात. शेकड्यांनी, हजारांनी. कोणी सांगत नाही, कोणी ढकलत नाही. पाणी जांभळट होतं, थोडं दाटही लागतं, आणि स्पेक्ट्रोस्कोपच्या नळीतून पाहिलं तर हिरवा रंग सरून पिवळा लागतो तिथे ती काळी रेघ उभी राहते. सुट्या रेणूंना ही रेघ नसते. ती दिसली की समजायचं, आत जमाव झाला. पहिल्यांदा पाहिली तेव्हा माझ्या अंगावर काटा आला होता. निर्जीव वस्तू आपण होऊन रांग धरतात, हे पुस्तकात वाचणं वेगळं आणि डोळ्यांनी पाहणं वेगळं.

आता यातली मेख. सगळ्या रेणूंवर एकच विद्युतभार, म्हणून ते एकमेकांना दूर लोटत असतात. पाण्यात मीठ आलं की ते लोटणं बोथट होतं, आणि थोडेसे रेणू असले तरी त्यांची चवड बसते. मला काम करायचं होतं काठाच्या अगदी अलीकडे, शुद्ध पाण्यात, जिथे चवड बसता कामा नये. म्हणजे माझ्या द्रावणात मिठाचा कण चालणार नव्हता, आणि मी बसले होते अकोल्यात.

अकोल्याचं पाणी ज्यानं प्यायलं नाही त्याला यातली गंमत कळायची नाही. पूर्णा नदीच्या अंगाचा तो सारा खारपाण पट्टा. विहिरीच्या पाण्यात तुरीची डाळ शिजत नाही, साबणाला फेस येत नाही, आणि पाहुणा पहिल्या घोटाला तोंड वाकडं करतो. कॉलेजच्या आवारात तशीच एक विहीर होती. तिचं पाणी वरच्या टाकीत चढायचं आणि टाकीतून प्रयोगशाळेच्या नळांना यायचं. त्यामुळे आमच्याकडे सोन्याच्या मोलाची वस्तू म्हणजे वाफ करून थंड केलेलं शुद्ध पाणी. ते काढायचं काम अटेंडंटचं.

हे अटेंडंट चाळिशीचे असतील. अंजनगावकडच्या एका खेड्यातले, सातवी शिकलेले. छप्पन साली घरादारासकट दीक्षा घेतलेली. चार वर्षं टेंपररीवर काढली होती आणि त्या उन्हाळ्यात पक्के व्हायचे होते. पक्कं होणं म्हणजे काय, हे पोटाला चिमटा काढून राहिलेल्यालाच विचारावं. घरी बायको, दोन मुली. थोरलीला मॅट्रिकला बसवायचं ते पक्के झाल्यावर, असं त्यांनी मला एकदा सांगितलं होतं.

पाण्याच्या बाबतीत माणूस भलता काटेकोर. सकाळी साडेसातला येऊन तांब्याच्या यंत्राखाली जाळ करायचे आणि समोर स्टूल टाकून बसायचे. पहिलं तांब्याभर पाणी फेकून द्यायचं. मग एक थेंब काचेवर वाळवून उजेडाकडे धरायचा. डाग राहिला तर अख्खी खेप मोरीत. बाटल्या धुतल्या की शेवटी तेच शुद्ध पाणी फिरवून फडताळात पालथ्या घालायचे. धुताना त्यांच्या लक्षात आलं होतं की काचेला जिथे ओरखडा असतो तिथे माझा रंग आधी जमतो आणि मग निघता निघत नाही. तसल्या बाटल्यांच्या गळ्याला लाल दोरा बांधून ते त्या बाजूला ठेवायचे. मी हे सरांना कळवलं, सर खूश झाले, आणि काचेवर, अभ्रकावर हे रेणू कसे अंथरले जातात यावर पुढे माझं एक आख्खं प्रकरण झालं. प्रबंधात मी त्यांचा उल्लेख केला नाही. तशी पद्धतच नव्हती, असं म्हणून मी स्वतःची समजूत काढते.

एकदा दोरा बांधता बांधता ते म्हणाले होते, "हा रंग एकटा राहत नाही जी. याले सोबत लागते."

दिवाळीपर्यंत मी दाट द्रावणं पाहिली. तिथे रेघ असणारच होती. दिवाळीनंतर पातळ द्रावणं घेतली आणि नसत्या ठिकाणी रेघ दिसायला लागली. रोज नाही. सोमवारी दिसायची, मंगळवारी नाही, बुधवारी सकाळच्या बाटलीत नाही आणि दुपारच्या बाटलीत ठळक. मी वजनं पुन्हा केली, नवं द्रावण केलं, खोलीचं तापमान लिहून ठेवलं. काही उपयोग नाही. वर्गात फळ्याकडे पाहिलं तरी खडूच्या रेघांमधे ती एक काळी उभी दिसायची. फिजिक्सचे एक सहकारी म्हणाले, तुमच्या बाटलीत भूत शिरलंय, लिंबू उतरवून टाका. सगळे हसले. मीही हसले, पण खरं सांगते, त्या दिवसांत मला एकटीला प्रयोगशाळेत बसवेना. भर दुपारी खिडक्या उघड्या टाकून बसायची.

नाताळच्या सुट्टीत अमरावतीला सरांच्या प्रयोगशाळेत तेच द्रावण केलं. रेघ नाही. दहा वेळा केलं, दहाही वेळा नाही. सरांनी माझे अकोल्याचे कागद चाळले आणि एवढंच विचारलं, तिथे पाणी कोण भरतं? मी सांगितलं. त्यांनी मान हलवली आणि म्हणाले, पाण्याची चौकशी कर. त्यांनी दुसरं काही म्हटलं नाही, म्हणायची गरजही नव्हती. वऱ्हाडात पाणी कोण भरतं हा प्रश्न आमच्या आज्या-पणज्यांपासूनचा, आणि त्याचं उत्तर ऐकून मान कशी हलवायची हेही तेव्हापासूनचंच.

अकोल्याला परत आल्यावर मी शुद्ध पाण्याची मोठी बाटली तीनदा तपासली. सिल्व्हर नायट्रेटचे दोन थेंब टाकायचे. मीठ असलं तर पाणी दुधाळ होतं. तिन्ही वेळा पाणी स्फटिकासारखं. म्हणजे माणूस निर्दोष होता आणि मला ते दिसत होतं. पण डोक्यात एकदा किडा शिरला की शिरला. मी म्हटलं, आज शुद्ध आहे, पण त्या दिवशीचं काय? घाई असेल त्या दिवशी नळाचं भरत असतील. कोण बघतंय! दुसऱ्या दिवशी विभागप्रमुखांकडे दोन ओळींचा अर्ज दिला. शुद्ध पाण्याबाबत हयगय होत असल्याचा संशय आहे, तरी चौकशी व्हावी.

चौकशी पाच मिनिटांत उरकली. विभागप्रमुख खुर्चीत, मी बाजूला, ते दाराशी उभे. मी त्यांना नेहमी तुम्ही म्हणायची. प्रमुख तू म्हणायचे. पाणी कोण काढतं, असं विचारलं. ते म्हणाले, मीच काढतो, आन शुद्ध काढतो. दवाई टाकून पाहा. मग ते माझ्याकडे वळले.

"बाई, तुमी पाह्यलं काय मले नळाचं भरताना?"

मी म्हटलं, "नाही."

"मंग?"

प्रमुखच मधे बोलले, मग मीठ काय आभाळातून पडलं? मी तीनदा दवाई टाकून पाहिली होती. तिन्ही वेळा पाणी चोख निघालं होतं. हे वाक्य माझ्या जिभेवर होतं आणि मी ते गिळलं. का गिळलं? कारण ते बोलले असते तर मीठ कुठून आलं याचं उत्तर मला द्यावं लागलं असतं, आणि उत्तर माझ्याजवळ नव्हतं. त्यांच्याजवळही नव्हतं, पण उत्तर नसल्याची किंमत त्यांनी द्यायची, असं त्या खोलीत कोणी न बोलता ठरून गेलं.

उन्हाळ्यात ते पक्के झाले नाहीत. कागदावर ‘कामात हयगय’ असा शेरा बसला आणि सुट्टी लागताना नोकरी संपली. शेवटच्या दिवशी फडताळाची किल्ली माझ्या टेबलावर ठेवून ते म्हणाले, लाल दोऱ्याच्या बाटल्या खालच्या फळीवर आहेत, त्या वापरू नका. मी बरं म्हटलं. वर मान करून पाहिलं नाही.

जूनमध्ये नवा अटेंडंट आला. प्रमुखांच्या ओळखीतला, आमच्यातलाच. झोपाळू. यंत्राखाली जाळ करून टेबलावर डोकं टाकायचा. आणि काय सांगू, रेघ गेली! पातळ द्रावणात एकदाही दिसली नाही. सोमवार नाही, बुधवार नाही. प्रमुख म्हणाले, बघा. सर म्हणाले, चला, मार्गी लागलं. मीही म्हटलं, बघा. माझा संशय खरा निघाला म्हणून मला बरं वाटलं. तेव्हा बरं वाटलं हे खरं आहे.

नुसतं बरंच वाटत राहिलं असतं तर मी आज हे लिहायला बसले नसते. दुपारी दोन-अडीचला, बाहेर ऊन मी मी म्हणत असताना आणि तो नवा झोपलेला असताना, यंत्रातून पाणी ठिबकायचं. टप. टप. त्या आवाजाबरोबर मला पाठीमागे कोणीतरी स्टुलावर बसलंय असं वाटायचं. मी वळून बघायची. स्टूल रिकामं. एकदा मी ते स्टूलच उचलून गोदामात टाकलं. तरी पाठीमागे माणूस बसलेला तो बसलेलाच. तो काही बोलायचा नाही, रागवायचा नाही. फक्त ते एक "मंग?" खोलीत कुठेतरी शिल्लक होतं, आणि रेघ गेली तरी ते जाईना. मी रामरक्षा म्हणणाऱ्यातली नव्हते. पण म्हणून पाहिली.

पुढच्या हिवाळ्यात नव्या अटेंडंटच्या घरी लग्न निघालं. आठ दिवस तो रजेवर. बदली माणूस मिळेना, तेव्हा आवार आणि संडास झाडायला येणाऱ्या बाईंनाच बाटल्या धुवायला लावलं. त्यांना धुण्याची रीत मीच समजावली, शेवटी शुद्ध पाणी फिरवायचं हेही सांगितलं. त्यांनी अगदी तसंच केलं, मी समोर बसून बघत होते. शुद्ध पाणी मात्र त्या आठ दिवसांत मी स्वतः काढलं, माझ्या हातानं, थेंब वाळवून बघून.

दुसऱ्या दिवशी डोळा नळीला लावला आणि रेघ समोर उभी.

माझा पहिला विचार काय असावा? हिनंही नळाचं भरलं! इतक्या सहज, इतक्या पटकन आला तो विचार, जशी काही कोणी ताटात वाढून ठेवला होता. आणि पुढच्याच क्षणी आठवलं, पाणी तर मी काढलंय. भरलंयही मीच. या वेळी बोट दाखवायला माणूस नव्हता. मी तशीच उभी राहिले. मोरीपाशी नळ ठिबकत होता. तो कोणी सोडला? खोलीत मी एकटी होते. मी माझ्या डाव्या हाताकडे पाहिलं. मनगटापर्यंत ओला होता.

आमच्या अमरावतीच्या घरी भांडी घासायला बाई यायची. ती मागच्या दारी घासून पालथी घालून जायची. मग आई नाहीतर मी प्रत्येक भांड्यावर पाणी फिरवायचो आणि तेव्हाच ते घरात घ्यायचो. स्वच्छतेसाठी नाही, भांडी लख्ख असायची. ते पाणी कशासाठी, हे कोणी बोलत नसे आणि कोणी विचारत नसे. सहा-सात वर्षांची असल्यापासून माझ्या हाताला ते वळण. हात आपला आपण नळाकडे जायचा, भांडं फिरवायचा, झटकायचा. डोक्याला खबर नसायची. डोकं बापडं तेव्हा समतेवर भाषण करत असायचं.

मी फडताळातून दोन बाटल्या घेतल्या, दोन्ही त्या बाईंनी धुतलेल्या. एक तशीच ठेवली. दुसरी नळाखाली धरली, एकदा फिरवली, झटकली, रोज हात झटकायचा तितकीच. दोन्हींत एकच द्रावण ओतलं. एक केशरी राहिली. दुसरी बघता बघता जांभळट झाली. झटकून उरलेले चार थेंब खाऱ्या पाण्याचे, तेवढे पुरले. कधी जास्त झटकली जायची, कधी कमी, म्हणून सोमवार-मंगळवारचा घोळ. आणि नव्याच्या बाटल्या? त्या मी कधी विसळल्याच नाहीत. तो आमच्यातला होता ना. हाताला ते बरोबर कळत होतं.

लाज वाटली, भीती वाटली, आणि खरं तेच लिहायचं तर पहिली काळजी त्या माणसाची वाटली नाही. प्रबंधाची वाटली. आकडे चुकले नाहीत ना? नव्हते चुकले. रेघ नसलेलेच आकडे खरे होते आणि तेच मी सरांना दिले होते. ते नक्की झाल्यावर मग मला त्यांची आठवण आली.

प्रमुखांना जाऊन सांगितलं. पूर्ण नाही, एवढंच की पाण्यात दोष नसावा, माझ्याकडूनच काही गडबड झाली असावी. ते म्हणाले, गाडलेली मढी कशाला उकरता? जागा भरली, तुमचं काम झालं. मी गप्प बसले. त्यांनी गप्प बसवलं असं नाही, मला गप्प बसायचंच होतं. असं एक वर्ष गेलं. पीएच.डी. झाली, घरी पेढे वाटले.

मग एक दिवस ऑफिसातला शिपाई बोलता बोलता म्हणाला, त्याचा कागद अडला बाई. कोणाचा? तर त्यांचा. अमरावतीच्या सरकारी दवाखान्यात रक्त-लघवी तपासायच्या खोलीत मदतनिसाची जागा निघाली होती. त्यांना काम येत होतं, साहेबांनी हातचं काम पाहून पसंत केलं होतं, पण कॉलेजच्या कागदावरचा शेरा आडवा आला. महिनाअखेरपर्यंत शेरा चुकीचा होता असं लेखी आणलं तर जागा, नाहीतर दुसऱ्याला.

त्या रविवारी मी अंजनगावची मोटार धरली, तिथून दुसरी. दोन फाटे पुढे उतरून पायी गेले. ते जिनिंगात कपाशी उचलायच्या कामावर होते, पण रविवार म्हणून घरी. मला दारात बघून उठून उभे राहिले. अंगावरचा सदरा नीट केला. बायकोनं खुर्ची पुसून दिली, थोरली मुलगी चहा घेऊन आली. ती मॅट्रिकला बसली नव्हती. तीही आता आईबरोबर वेचणीला जात होती. मी चहा प्यायले आणि वाटेत पाठ करून आणलेलं सगळं एका दमात बोलून टाकलं. दोष तुमच्या पाण्यात नव्हता. तुम्ही धुतलेल्या बाटल्या मी नळाखाली धरत होते, त्यातलं खारं पाणी द्रावणात गेलं. चूक माझी. मी तपासही केला होता आणि तो लपवला.

ते ऐकत राहिले. मग सावकाश म्हणाले, "म्हंजे मी धुतल्यावर तुमी परत विसळून घेत होत्या, त्याच्यानं ते झालं?"

"हो."

"ते तं मी रोज पाहत होतो जी."

मी विचारलं, मग तेव्हा, त्या खोलीत, बोलला का नाहीत? नोकरी वाचली असती.

"मले काय मालूम त्याच्यानं रंग फिरते म्हणून," ते म्हणाले. "मले वाटलं, ते तुमच्या घरचं आहे. प्रयोगाचं नाही."

त्यांचा आवाज चढला नव्हता. बायको चुलीकडे बघत होती. मी मिठाची चूक कबूल करायला दोन मोटारी बदलून गेले होते, आणि त्या माणसानं ती दुसरी गोष्ट वर्षभर, रोज, आपल्या डोळ्यांनी पाहिली होती. पाणी काढायचं, थेंब वाळवायचा, बाटली चोख धुवायची, आणि समोर बसून बघायचं की ही बाई ती पुन्हा नळाखाली धरते. तरी दुसऱ्या दिवशी साडेसातला यायचं. मी माफ करा म्हणाले.

मग त्यांनी ट्रंकेतून कोरा कागद काढला, दौत-टाक समोर ठेवला. तुमी आत्ता जे बोलल्या ते लिहून द्या, म्हणाले. कारण बी लिहा.

मी लिहायला बसले. सदर इसमानं काढलेलं पाणी शुद्ध होतं, मी स्वतः तीन वेळा तपासलं होतं, हे सरळ लिहिलं. शेरा चुकीचा आहे, हेही लिहिलं. मग कारणाशी आले आणि टाक अडला. नळाखाली धरल्या हे लिहायचं, तर का धरल्या हे कोणीही विचारणार. खाली माझी सही, पदवी, कॉलेजचं नाव. दवाखान्याचे साहेब वाचणार, कारकून वाचणार, अमरावती केवढीशी! मी लिहिलं, ‘माझ्याकडून नजरचुकीने दोष घडला.’ सही ठोकली आणि कागद त्यांच्या हातात दिला.

तो कागद चालला. त्यांना जागा मिळाली, तिथे ते पक्के झाले आणि निवृत्तही तिथूनच झाले. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे वाचणाऱ्याच्या जिवाला घोर नको. माझ्या जिवाचा घोर वेगळा आहे.

त्यांनी तो कागद दारातल्या उजेडाला नेला. एकदा वाचला. पुन्हा पहिल्यापासून वाचला, बोट ओळीखाली फिरवत. मग माझ्याकडे पाहिलं.

"कारण राहिलं, बाई."

मी पर्स उचलली. म्हटलं, "ऑफिसला एवढं पुरतं."

त्यांनी कागदाची नीट घडी घातली.

"व्हय जी," ते म्हणाले. "ऑफिसले पुरते."